तळघरातला तंतू

त्या दिवशी मी फक्त एक थर्मास आणायला निघाले होते.

थर्मास म्हणजे चहाचा नव्हे. आमच्या प्रयोगशाळेचा, जाड बुचाचा, आत बर्फ भरलेला. पुण्याच्या कॅम्पातल्या एका इस्पितळातून स्नायूचा लहानसा तुकडा आणायचा होता. पावट्याच्या दाण्याएवढा. कुणा पेशंटच्या मांडीतून तपासणीसाठी काढलेला, आणि त्याने राजीखुशीने आम्हाला दिलेला. थर्मास स्कूटीवर पायांशी ठेवून मी परत निघाले, तर सिग्नलला हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीची बस शेजारी येऊन थांबली. काचेला डोकं टेकून मुलं झोपली होती. माझ्याबरोबर एम.एस्सी. झालेले निम्मे लोक एव्हाना अशा बसमध्ये चढले होते. मी मात्र भर दुपारी कुणाच्या तरी मांडीचं मांस घेऊन चालले होते. त्या वेळी मला हसू आलं होतं, हे अजून आठवतं.

दोन हजार दोन साल असेल. पीएच.डी.साठी मी डॉ. दिगंबर कानिटकरांकडे काम करत होते. आमचं यंत्र इमारतीच्या तळघरात होतं. तिथे खिडकी नव्हती. वर ऊन असो की पाऊस, खाली सदैव तोच ट्यूबलाइटचा फिकट उजेड, पंपाची घरघर, आणि वीज पडून गेल्यावर हवेला येतो तसा एक तिखट, धातूसारखा वास. हा वास केसांत बसायचा. आई म्हणायची, "तळघरातून आलीस वाटतं?"

आम्ही तिथे काय करायचो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपला प्रत्येक स्नायू प्रथिनांच्या तंतूंचा बनलेला असतो. दोन प्रकारचे तंतू, एकमेकांत ओवलेले. एक दुसऱ्याला धरतो, ओढतो, सोडतो, पुन्हा धरतो. आपण पाऊल उचलतो ते त्यांच्या या धरण्यासोडण्यावर. हे तंतू इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला त्यांची रचना दिसत नाही. म्हणून त्यांतून क्ष-किरण सोडायचे. काळ्या छत्रीच्या कापडातून रस्त्यावरचा दिवा बघितला की दिव्याभोवती ठिपक्यांची नक्षी दिसते ना, तसंच. किरण तंतूंवरून विखुरतात, पलीकडच्या फिल्मवर ठिपके आणि रेषा उमटतात. त्या नक्षीवरून ताडायचं की तंतू कसे रचलेत, आणि त्यांनी एकमेकांना धरलंय की सोडलंय.

शरीराबाहेर काढलेल्या स्नायूचं इंधन संपतं. मग तंतू एकमेकांना जे घट्ट धरतात, ते धरूनच बसतात. माणूस मेल्यावर ताठ होतो तो यामुळेच. त्याचीही एक ठरावीक नक्षी असते. आम्ही आपसांत तिला 'ताठ नक्षी' म्हणायचो.

तर तो तुकडा ज्याचा होता, तो मुलगा एक दिवस स्वतःच आमच्याकडे आला. शंभू ढोले. यवतमाळकडचा, दारव्ह्याचा. हिंजवडीत एका कंपनीत प्रोग्रॅमर होता, आणि आईला घेऊन बिबवेवाडीत राहत होता. त्याचे स्नायू हळूहळू झिजत चालले होते. आधी जिने जड गेले, मग कंपनीच्या बसची पायरी. आमच्या तळघराचा जिना तो भिंतीला हात टेकून उतरला. एक पाऊल, मग थांबून श्वास, मग दुसरं पाऊल. मी आधार द्यायला पुढे झाले तर म्हणाला, "नको मॅडम, प्रोसेस स्लो आहे, पण हँग नाही झाली अजून."

सर एरवी पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावत. "प्रदर्शन केळकर संग्रहालयात आहे, इथे नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण शंभूला त्यांनी स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या स्नायूची फिल्म दिव्यासमोर धरून रेष न् रेष समजावून सांगितली.

"हे माझं आउटपुट?" शंभू बघतच राहिला. "आणि ही ताठ नक्षी म्हणजे... मेल्याची?"

"शास्त्रीय भाषेत, हो," सर म्हणाले.

"म्हणजे माझी मांडी माझ्या आधीच गेली म्हणायची." तो मोठ्याने हसला. जाताना म्हणाला, "काही नवीन दिसलं तर सांगा हं सर. आईला आवडेल."

दिवाळीच्या आसपास तो गेला. हृदय हाही शेवटी स्नायूच. इस्पितळातल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच कामासाठी फोन केला होता, त्यात ओघाने सांगितलं. वैकुंठ स्मशानभूमीत सगळं उरकून तेव्हा बरेच दिवस झाले होते.

मी खाली गेले. फ्रीजमध्ये त्याच्या तुकड्यातले उरलेले तंतू एका कुपीत होते. असंख्य बारीक तंतूंचा एक जुडगा, ज्याला आम्ही तंतूच म्हणायचो, यंत्रात लावलेला होता, दोन बारीक चिमट्यांमध्ये ताणून, केसाहून थोडासा जाड. क्षणभर वाटलं, हे काढून ठेवावं. पण सर म्हणाले, "त्याने कामासाठी दिलंय, श्यामला. काम करणं हीच श्रद्धांजली." मला ते पटलं. मी शटर उघडलं. शटर म्हणजे किरणांच्या वाटेवरची शिशाची झडप. ती उघडली की किरण तंतूवर पडायला लागतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फिल्म धुवायला मी अंधारखोलीत गेले. तांबडा दिवा, रसायनांचा आंबूस वास, भिंतीपलीकडे पंपाची घरघर. फिल्म ताटलीत सोडून मी ती हळूहळू हलवत होते. रेषा उमटायला लागल्या आणि माझा हात थांबला.

ती ताठ नक्षी नव्हती.

ज्या रेषा ठळक हव्यात त्या पुसट होत्या, आणि जिथे काही नको तिथे ठिपके होते. अशी नक्षी मी आजवर एकाच प्रकारच्या स्नायूची पाहिली होती. जिवंत बेडकाच्या, पाय झाडत असलेल्या बेडकाच्या स्नायूची.

वाटलं, आपणच घोटाळा केला. दुसरी फिल्म लावली. तिसरी लावली. दर वेळी तेच. तंतूभोवतीचा द्राव बदलला. त्यात इंधनाचा थेंबही नाही याची खात्री केली. तरीही तंतू एकमेकांना धरत होते आणि सोडत होते.

यंत्रात चिमट्याला एक ताणमापक जोडलेला होता. तंतूने जरा ओढ घेतली की बाजूच्या कागदावर पेन वर चढायचं. मेलेल्या स्नायूत ते पेन सरळ रेघ मारत बसतं, म्हणून आम्ही ते बंदच ठेवायचो. मी ते चालू केलं आणि शटर उघडलं.

कर्रर्र... पेन वर चढलं. थांबलं. खाली उतरलं. मग पुन्हा कर्रर्र... वर, थोडा थांबा, खाली.

खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी त्या रेघेकडे बघत उभी राहिले. ती लय ओळखीची वाटत होती, पण कुठली ते आठवेना. कर्रर्र... थांबा. कर्रर्र... थांबा. आणि मग नकळत माझी नजर जिन्याकडे गेली.

एक पाऊल, मग थांबून श्वास. मग दुसरं पाऊल.

त्या दिवशी मी जिना धावत चढले. दिवे, पंप, दार, सगळं तसंच टाकून.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग खाली जाऊन स्वतः बघितलं. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडलेला होता, पण डोळे चमकत होते. शटर बंद केलं की पेन थांबतं, उघडलं की चालू होतं, हे त्यांनी पुनःपुन्हा करून पाहिलं होतं.

"इंधनाशिवाय चालणारा स्नायू," ते म्हणाले. "किरणांवर. तुला कळतंय का हे काय आहे?"

"सर, मला भीती वाटते."

"वाटू दे. आयुष्यभर या तळघरात बसून मी जे शोधलं त्याची कुणाला भीतीसुद्धा वाटली नव्हती." ते हसले, पण लगेच गंभीर झाले. यंत्र जुनं झालं होतं, पुढचं अनुदान मिळणार नव्हतं, विद्यार्थी मिळत नव्हते. हे सगळं मला माहीत होतं. त्यांना हवं होतं ते अगदी शेवटी, दार लावता लावता हाती लागलं होतं. त्यांनी शटर सकाळी उघडायचं ते संध्याकाळी बंद करायचं, असं ठरवून टाकलं.

"औषधांमुळेही असेल," काही दिवसांनी ते म्हणाले. "तो बाहेरची काही औषधं घेत होता का? आयुर्वेदिक, जडीबुटी? त्याच्या आईला जाऊन विचारून ये."

म्हणून मी बिबवेवाडीला गेले. दुपारची वेळ होती. एका पिठाच्या गिरणीच्या मागे तळमजल्यावर दोन खोल्या. गिरणीची धडधड भिंतीतून जाणवत होती, आणि दाराच्या कडीवर पिठाचा पातळ थर होता. शंभूच्या आईने, विमलाबाईंनी, दार उघडलं. साठीच्या आतबाहेरची, बारीक चणीची बाई. मी नाव सांगितलं तसं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, मॅडम. तो जागा हाय."

वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलं. मी आत जाऊन बसले. त्यांनी चहा टाकला. मधल्या दाराला पडदा होता. त्यापलीकडे खाट कुरकुरली. मी विमलाबाईंकडे बघितलं. त्या गाळणं धरून शांत उभ्या होत्या.

खाट पुन्हा कुरकुरली.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"शंभू," त्या म्हणाल्या, जसं कुणीही म्हणेल तसं. मग कप माझ्या हातात देऊन समोर जमिनीवर बसल्या आणि हलक्या आवाजात सांगायला लागल्या. "तेराव्यानंतर दिवस गेले, अन् मंग एक दिवस खाट वाजली. पाहतो तं गोधडी हालू राहिली. मले भेव नाही वाटलं, मॅडम. माह्या पोराचं काय भेव? शेवटी शेवटी त्याचे पाय काडीवानी झाले होते, हालत नव्हते. अन् आता हालू राहिले. म्या म्हटलं, देवानं पाय तं देले त्याले."

"मग?"

"मंग समजलं, त्याले पायात गोळे येतात." त्यांचे डोळे भरले. "एक गेला का दुसरा. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. बोलत नाही काही. मी दाबत बसतो पाय. दाबून दाबून थकून जातो. गोळा बसतो, जरासा दम घेतो, अन् पुन्हा येतो."

मी कप खाली ठेवला.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. फक्त गुरुवारी नाही. गुरुवारी शांत असतो बिचारा. दत्ताचा वार हाय ना... महाराज तेवढी सुट्टी देतात त्याले."

गुरुवार.

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारचं वेगळं सांगावं लागत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. दिवसभर. गुरुवारी आमचं यंत्र बंद असतं.

मी उठून उभी राहिले. मला पळून जायचं होतं. दार दोन पावलांवर होतं, बाहेर ऊन होतं, गिरणीवर बायका दळणाचे डबे घेऊन उभ्या होत्या. पण विमलाबाईंनी माझं मनगट धरलं. "तुमी शिकलेल्या हात. त्याच्या पायाचंच तं शिकता तुमी. एकदा हात लावून पाहा. मले सांगा, काय करू?"

त्यांनी पडदा सारला. आत अंधूक होतं. लोखंडी खाट, वर गोधडी. खाटेशेजारच्या स्टुलावर शंभूने घेतलेला फोन. तो शेवटी शेवटी पडल्या पडल्या इथूनच कंपनीचं काम करायचा. आणि त्या खोलीत वास होता. उदबत्तीचा नाही, औषधांचा नाही. तिखट, धातूसारखा. आमच्या तळघराचा.

गोधडी सपाट नव्हती. तिच्याखाली मधोमध एक लांबट उंचवटा होता. माझ्या देखत तो ताठ झाला... थांबला... आणि खाली बसला.

विमलाबाईंनी माझा हात ओढून त्यावर ठेवला.

मी स्नायूंवर काम केलंय. ताणलेला स्नायू हाताला कसा लागतो हे मला कुणी सांगायला नको. गोधडीखाली एक मांडी होती. गरम. माझ्या तळव्याखाली ती दगडासारखी घट्ट होत गेली, आतून थरथरली, आणि सैल पडली. दुसऱ्या हाताने मी गोधडीची कड उचलली. खाली सतरंजी होती. फक्त सतरंजी. आणि माझा उजवा हात त्या सतरंजीपासून वीतभर वर, कशावर तरी टेकलेला होता.

डावा हात लांब करून मी फोन उचलला आणि तळघराचा नंबर फिरवला. सरांनीच घेतला.

"मिळाली का औषधांची नावं?"

"सर... यंत्र चालू आहे?"

"नाही, त्यावर पापड वाळत घातलेत. चालू आहे म्हणजे काय? सकाळपासून चालू आहे."

"पेन बघा, सर." माझ्या हाताखाली घट्ट व्हायला लागलं होतं. "आता चढतंय."

"हं. चढतंय."

"आता थांबलं... आता उतरतंय."

पंपाची घरघर मला फोनमधून ऐकू येत होती. "पुन्हा चढतंय," मी म्हणाले. "या वेळी जास्त... अजून... आता उतरलं."

"श्यामला," सरांचा आवाज बदलला होता. "तू कुठून बोलते आहेस?"

"बिबवेवाडीहून. त्याच्या घरातून."

"मग तुला इथलं पेन कसं दिसतंय?"

"दिसत नाही, सर. हाताला लागतंय." मला रडू यायला लागलं. "शटर बंद करा. तुमच्या पाया पडते. बंद करा."

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग झडपेचा ठक्क असा ओळखीचा आवाज. त्याच क्षणी माझ्या तळव्याखालचं सगळं सैल झालं. जरासुद्धा उशीर नाही.

"बसला," विमलाबाई पुटपुटल्या. "बसला गोळा."

सर फोनवर परत आले. "काय झालं?"

"थांबलं."

त्यांचा श्वास जोरात चालला होता. "एकदाच," ते म्हणाले. "मला एकदाच खात्री करू दे."

"सर, नको—"

ठक्क. खाट करकरली. गोधडी वर उसळली आणि माझा हात झिडकारला गेला. या वेळी एक गोळा नव्हता. पायथ्यापासून उशीपर्यंत गोधडीखाली सगळं एकदम आवळलं, जसं कुणी अंग चोरून घ्यावं तसं. विमलाबाईंनी हंबरडा फोडला आणि त्या आकारावर स्वतःला झोकून दिलं. "शंभू! बाळा! काऊन करू राहिले रे असं तुले!"

मी फोनमध्ये ओरडत होते. मग अगदी हळू आवाजात सरांनी विचारलं, "तिथे पुरुष कोण आहे?"

"कोणी नाही, सर. मी आणि त्याची आई."

"कोणीतरी बोललं आत्ता. फोनवर. अगदी कानाशी."

"काय बोललं?"

"'नका' म्हणाला," सर म्हणाले. आणि झडप पडल्याचा आवाज आला. त्यामागोमाग यंत्राचा मोठा खटका. पंपाची घरघर मंदावत मंदावत थांबली. मी रुजू झाल्यापासून तो पंप आमच्यापैकी कुणी हाताने बंद केलेला मला आठवत नाही.

गोधडी खाली बसली. विमलाबाई सतरंजीवर आडव्या पडल्या होत्या, हात पसरून. त्यांच्या हातांखाली काही नव्हतं. वासही गेला होता. भिंतीपलीकडे गिरणी धडधडत होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी तंतू यंत्रातून सोडवला, फ्रीजमधली कुपी काढली, आणि आम्ही दोघं ते सगळं घेऊन बिबवेवाडीला गेलो. विमलाबाईंना काय सांगायचं, याचा मी रिक्षात बसून विचार करत होते. पण त्यांना काही सांगावं लागलं नाही. कुपी त्यांनी तळहातावर घेतली, उजेडात धरून बघितली, आणि म्हणाल्या, "एवढासा राह्यला होता का रे इथं..."

नदीकाठी, घाटाच्या एका बाजूला त्यांनी चार गोवऱ्या रचल्या, तूप सोडलं. सरांनी बूट काढले. देवधर्माच्या नावाने आयुष्यभर नाक मुरडलेला माणूस हात जोडून उभा होता. कुपीतलं सगळं आगीत रिकामं केलं तेव्हा ज्योत थोडी निळी झाली, एवढंच. विमलाबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सुटला." आणि महिन्याभरात खोली सोडून दारव्ह्याला निघून गेल्या. निघायच्या आधी त्यांनी मला फोन केला. खाट पुन्हा वाजली नव्हती.

सरांनी त्या फिल्म फाडून टाकल्या. त्यावर एक ओळही कुठे छापली नाही. मी रेशमाच्या तंतूंवर प्रबंध लिहिला. ते तंतू मेलेले असतात आणि मेलेलेच राहतात. पुढे यंत्र भंगारात गेलं आणि तळघरात कुणीतरी संगणक मांडले.

स्वतःची समजूत मी अशी घातली होती, की एका मुलाला यातना होत होत्या, त्याने विनवणी केली, आणि आपण त्याला सोडवलं. मागेच कुणाला सांगितलं असतं, तर गोष्ट इथेच संपवली असती.

पण गेल्या वर्षी सरांना बघायला सहकारनगरला गेले होते. ते अंथरुणाला खिळले आहेत, बोलणं मात्र लख्ख. दुपार होती. त्यांच्या सूनबाईंनी उकाडा म्हणून खिडक्यांचे पडदे ओढलेले होते. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि मी उठायला लागले तर त्यांनी मला थांबवलं.

"त्या दिवशी फोनवर... मी तुला अर्धंच सांगितलं होतं."

मी पुन्हा बसले.

"आवाज शंभूचाच होता. मी ओळखला. पण तो नुसतं 'नका' नाही म्हणाला." सरांनी डोळे मिटून घेतले. "'नका बंद करू, सर,' असं म्हणाला. 'इथं दुसरा उजेड नाही.'"

पंखा फिरत होता.

"पण... त्याला किती यातना होत होत्या, सर. माझ्या हाताला कळत होतं. म्हणून बंद केलंत ना तुम्ही?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "तो एकटा नव्हता, श्यामला. त्याच्या मागोमाग आणखी कोणीतरी बोललं. त्याच्यापेक्षा फोनच्या जवळून. अगदी शांत आवाज होता... तो म्हणाला, 'करा बंद.'"

"आणि तुम्ही..."

"आणि माझा हात झडपेवर गेला," सर म्हणाले. "तो मी नेला नव्हता."